घुणाक्षर

संस्कृतात 'घुणाक्षरन्याय' नावाचा एक न्याय आहे. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. तो आपल्या पोटासाठी लाकूड कोरीत जातो आणि कोरता कोरता एखाद्या वेळी तेथे 'क' किंवा 'ग' उमटल्यासारखा दिसतो. किड्याला अक्षराची ओळख नसते. घडले ते निव्वळ योगायोगाने. एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर अभ्यासावाचून बरोबर आले, की पेपर तपासता तपासता मी शेजारच्या प्राध्यापकांना म्हणतो, "पाहा, घुणाक्षर!"

गेली अठरा वर्षे नाशिकच्या महाविद्यालयात मी हा न्याय शिकवीत आलो आहे. परंतु ज्याच्या नावाने तो चालतो, तो घुण मी कधी पाहिला नव्हता. पाहण्याची इच्छाही नव्हती. मराठीच्या प्राध्यापकाचा लाकडाशी संबंध तो केवढा? एक टेबल, एक खुर्ची आणि फळा पुसायचे डस्टर!

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात तो घुण आपण होऊन आमच्या घरी आला. गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वडिलांच्या मागे सटाण्याकडची शेती त्यांनी अंगावर घेतली, मला शिकायला नाशिकला ठेवले, आणि मी इथलाच होऊन गेलो.

"मास्तर," दादा म्हणाले, "बागेतली झाडं उभ्यानं वाळायला लागली रे. तुझ्या कॉलेजात किड्यांचं शिकवणारं कुणी असेल, तर विचारशील का?"

दादांनी मला आजवर सांगितले पुष्कळ; विचारले मात्र कधीच काही नव्हते. त्या एका 'विचारशील का'ने माझी झोप उडाली.

भगव्याची बाग

येत्या रविवारी आम्ही तिघे निघालो. मी, आमची सौ. आणि प्राणिशास्त्र विभागातले माझे एक सहकारी. त्यांना आमच्या घरातही सारे 'सर'च म्हणतात. पिंपळगाव मागे टाकून सोग्रस फाट्यावरून आम्ही देवळ्याच्या रस्त्याला लागलो. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांची आद्याक्षरे घेऊन लोकांनी या मुलखाला 'कसमादे' असे सुटसुटीत नाव दिले आहे. भाषेच्या माणसाला हेवा वाटावा असा हा शब्द. जमीन हलकी, मुरमाड, पाऊस बेताचा. अशा जमिनीत डाळिंबासारखे दुसरे पीक नाही. आधी पुण्याच्या गणेशखिंडीत निवडून काढलेला 'गणेश' वाण येथे आला. मग या शतकाच्या आरंभी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला 'भगवा' आला आणि शेंदरी फळांनी कसमादेची घरे उभी राहिली. पुढे 'तेल्या' नावाच्या जिवाणूजन्य रोगाने पुष्कळांच्या बागा उठवल्या. कुणी कांद्याकडे वळले, कुणी द्राक्षाकडे. दादा डाळिंबालाच धरून राहिले. दोन एकरांत भगव्याची सहाशे झाडे. मृगाचा बहार धरलेला, फळे लिंबापेक्षा मोठी झालेली, आणि पुतणीच्या फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची फी त्या फळांत साठवलेली.

बागेत शिरलो आणि प्रथम काहीच वावगे वाटले नाही. मग दादांनी बोट दाखवले. एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली होती. पलीकडच्या झाडाची अर्धी बाजू. त्याच्या पुढचे झाड समूळ वाळलेले. पाने गळलेली आणि फळे तशीच लटकत राहिलेली, सुरकुतलेली. दादा त्या फळाला हात लावून म्हणाले, "आजारी माणूस निदान सांगतो तरी. हे गुपचूप जातंय."

सर गुडघ्यांवर बसले. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखी बारीक, अगदी गोल भोके होती. बंदुकीचा छर्रा लागावा तशी. म्हणूनच शेतकरी याला 'शॉट होल बोरर' म्हणतात. हा इंग्रजी शब्द आता कसमादेत विळा-कोयत्याइतकाच घरचा झाला आहे. भोकांखाली पिठासारखा भुस्सा सांडला होता. सरांनी दादांकडून करवत मागून घेतली, वाळलेले एक खोड कापून उभे चिरले आणि भिंग माझ्या हाती दिले.

लाकडाच्या गाभ्याजवळ काळपट तपकिरी पट्टे उतरले होते. त्यांतून गोलाकार वळत गेलेले बारीक बोगदे दिसत होते. बोगद्यांच्या भिंती आतून काळवंडलेल्या. एका बोगद्यात तांदळाच्या कणीसारख्या पांढऱ्या अळ्या आणि तिळाएवढा, गडद तपकिरी, चकचकीत असा एक भुंगेरा. अठरा वर्षे ज्याच्या नावावर मी टाळ्या घेतल्या, ते हेच महाशय!

"एवढासा जीव लाकूड खातो तरी कसा?" मी विचारले.

सर हसले. "खातच नाही. तुमच्या न्यायशास्त्रातली चूक तिथंच आहे."

अमृताची गोष्ट

वहिनींनी ओसरीवर चहा आणला आणि सरांनी जी हकीकत सांगितली, ती ऐकता ऐकता चहा निवून गेला. पुढे त्यांनी दिलेली पुस्तके मी वाचली. त्यातले जेवढे माझ्यासारख्याला पचले, तेवढे येथे सांगतो.

या भुंगेऱ्यांच्या एका मोठ्या गटाचे शास्त्रीय नाव 'झायलेबोरस'. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'लाकूडखाऊ'. नाव ठेवणाऱ्यांनी बोगदे पाहिले आणि आमच्या न्यायकारांप्रमाणेच तर्क केला, की जो कोरतो तो खातो. परंतु १८३६ मध्ये ऑस्ट्रियातील श्मिडबर्गर नावाच्या एका धर्मोपदेशकाने निराळीच गोष्ट पाहिली. या गृहस्थांना फळझाडांचा नाद होता. आपल्या सफरचंदाच्या झाडातले बोगदे उघडले असता त्यांना भिंतींवर एक पांढुरका थर दिसला. अळ्या लाकूड न खाता तो थरच खात होत्या. झाडाच्या रसापासून हे अन्न तयार होत असावे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी त्याला 'अँब्रोशिया' हे नाव दिले. म्हणजे ग्रीक देवांचे अन्न. आठ वर्षांनी, १८४४ मध्ये, जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी दाखवून दिले, की ते अन्न म्हणजे चक्क बुरशी आहे.

येथे मला माझ्या विषयाची मौज सापडली. 'अँब्रोशिया' आणि आपले 'अमृत' हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे. दोहोंचा अर्थ 'न मरणारे'. देव-दानवांनी समुद्र घुसळून जे मिळवले, ते हा तिळाएवढा जीव लाकडात पिकवतो! पिकवतो हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. माणसाने शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. या भुंगेऱ्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षे बुरशीची शेती करीत आले आहेत. जमीन लाकडाची, पीक बुरशीचे, मजूर घरचेच.

घरही पाहण्यासारखे असते. भोक पाडून आत शिरते ती एकटी मादी. ती बोगदा कोरते, बुरशी पेरते, ती उगवली की अंडी घालते. अळ्या ती बुरशी खाऊन वाढतात आणि महिना-दीड महिन्यात त्यांचे भुंगेरे होतात. मुली पुष्कळ, मुलगे एखाद-दुसरे. मुलगे अंगाने लहान, त्यांना उडता येत नाही. ते जन्मले तेथेच मरतात. मुलींची लग्ने घरातच भावांशी लागतात. (हे ऐकून वहिनींनी पदर तोंडाशी नेला.) मग मुली पंख पसरून नवीन झाड शोधायला निघतात. घरात आळशाला थारा नाही. यांच्याच एका युरोपीय भाऊबंदावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की लहान अळ्यासुद्धा कामाला हात लावतात. त्या भुस्सा गोळा करतात, घर रुंद करतात. मोठ्या बहिणी बाग निगुतीने राखतात. राखणारे नाहीसे झाले, की परक्या बुरशी माजतात आणि शेत बुडते.

विरजण

"पण सर," आमची सौ. म्हणाली, "नव्या झाडात जाणाऱ्या मुलीला ती बुरशी मिळते कुठून? वाऱ्यावर?"

"बरोबर घेऊन जाते," सर म्हणाले. "तिच्या अंगात त्यासाठी निसर्गानं कप्पाच ठेवलाय. काही जातींत तो पाठीवर असतो, काहींत जबड्याजवळ. निघण्यापूर्वी ती घरची बुरशी त्यात भरून घेते."

"म्हणजे माहेरचं विरजणच की!" सौ. म्हणाली.

सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, वीस वर्षं मी हा भाग शिकवतोय. एवढा नेमका शब्द मला सुचला नव्हता."

या कप्प्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष १९५६ मध्ये जर्मनीच्या हेलेन फ्रांके-ग्रोसमान या बाईंनी वेधले. त्याला 'मायकँजियम', म्हणजे बुरशीचे पात्र, हे नाव १९६३ मध्ये दिले ते लेखराज बात्रा या मूळच्या हिंदुस्थानी शास्त्रज्ञाने. आमच्या सौ.ने मात्र ते 'विरजणाची वाटी' असेच धरून ठेवले आहे, आणि मला ते नाव अधिक पसंत आहे.

कारण या विरजणावर त्या कुळाचे सारे काही अवलंबून असते. लाकूड हे पोट भरण्याच्या दृष्टीने अगदी दरिद्री अन्न. त्यात शरीर बांधणारा नत्र नाममात्र असतो. बुरशीचे तंतू दूरवर लाकडात शिरतात, तेथला थोडाथोडका नत्र गोळा करून आणतात आणि अळीच्या तोंडाशी घास करून ठेवतात. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. स्टेरॉल नावाचे स्निग्ध द्रव्य आपले शरीर स्वतः बनवू शकते. कीटकांना ते साधत नाही, बाहेरून मिळवावे लागते. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात या कुळातल्या एका भुंगेऱ्यावर प्रयोग झाले. बुरशीत असणारे अर्गोस्टेरॉल ज्या अळ्यांच्या वाट्याला आले, त्यांचे कोष झाले आणि पुढे भुंगेरे झाले. आपल्याकडे असते तसे साधे कोलेस्टेरॉल ज्यांना दिले, त्या अळ्या अळ्याच राहिल्या. जणू बालपण संपतच नाही! बुरशी नुसते पोट भरत नाही. ती मुलाला वयात आणते.

थंड देशांत यांचे चुलतभाऊ पाइन वृक्षांच्या सालीखाली राहतात. ते सालीचा आतला थर खातात, तरीही त्यांना बुरशी लागतेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाइन भुंगेऱ्याची जोडीदार बुरशी काढून टाकली, तेव्हा त्याची संतती घटली आणि वाढ खुंटली, असे १९७३ मध्ये दिसून आले. बुरशी असेल, तर अळीला थोडे कोरून भागते. नसेल, तर लांबलचक बोगदा खणावा लागतो आणि तरीही ती रोडच राहते. आणखी एक गंमत पाहा. त्याच झाडात लाकूड निळे पाडणारी दुसरी एक बुरशी येते. तिला आणतात भुंगेऱ्याच्या अंगावर बसून आलेले बारीक कोळी. ही सवत घरात माजली, की अळ्यांची उपासमार होते. तिला आवरण्यासाठी भुंगेरा आपल्याजवळ एक जिवाणू बाळगतो आणि तो जिवाणू तिला मारक असे औषध बनवतो, हे २००८ मध्ये उजेडात आले. तिळाएवढ्या जिवाच्या संसारात दही, सवत, पाहुणे आणि घरचा वैद्य, एवढे सगळे!

पश्चिम अमेरिकेतल्या पर्वतांवरचा भुंगेरा तर दोन प्रकारचे विरजण जवळ बाळगतो. एक बुरशी थंडीत चांगली वाढते, दुसरी उन्हाळा सोसते. हवा फिरली तरी घरात काहीतरी शिजतेच. गेल्या शतकाच्या अखेरीस हिवाळे सौम्य झाले आणि या भुंगेऱ्याने कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात असा उच्छाद मांडला, की सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला त्याची झळ पोहोचली.

बोलावले कोणी?

"ते सगळं खरं," दादा इतका वेळ गप्प होते, ते आता बोलले. "त्याचा संसार चांगला चाललाय. पण माझं झाड मरतंय कशानं? आणि सहाशेतली हीच का?"

सरांनी उत्तर द्यायच्या आधी ठिबकाच्या नळ्या पाहिल्या, बुंध्याची माती मुठीत घेऊन दाबली. तिचा घट्ट लाडू झाला. बागेचा हा कोपरा सखल होता. आदल्या वर्षी दादांनी तेथे तळ्यातली काळी माती आणून टाकली होती. झाडांचे लाड म्हणून. त्यात श्रावणात पावसाने झोडपले आणि पाणी साचून राहिले.

"मुळं गुदमरली," सर म्हणाले. "श्वास कोंडलेल्या झाडाच्या अंगात मद्यार्क तयार होतो. या कुळातल्या कित्येक जातींना त्याचा वास दुरून लागतो."

याबाबतचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मद्यार्काच्या वासावर भुंगेरा येतो तो का? तर मद्यार्कात त्याचे पीक उत्तम येते आणि शेतात माजणारी परकी बुरशी मात्र दबते. निंदणीचा खर्च वाचतो! दुबळे झाड म्हणजे त्याच्या दृष्टीने मशागत केलेले रान.

डाळिंबाला लागणाऱ्या भुंगेऱ्याचे मूळ बारसे १८६८ मध्ये सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या, नमुन्यांवरून झाले. तेथील चहाच्या मळ्यांचा तो जुना वैरी. तो जी बुरशी पिकवतो, तिचे वर्णन सिलोनमध्येच गॅड आणि लूस या दोघांनी १९४७ मध्ये केले. त्याचे भाऊबंद पुढे इस्रायल आणि कॅलिफोर्नियात पोहोचले आणि तेथल्या ॲव्होकाडोच्या बागांना भारी पडले.

परंतु डाळिंबाची 'मर' ही केवळ या भुंगेऱ्याची करणी नव्हे. मुख्य गुन्हेगार आहे सेराटोसिस्टिस नावाची निराळीच बुरशी. ती भुंगेऱ्याचे पीक नव्हे. ती जमिनीतून, जखमी मुळांतून वर चढते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदून टाकते. आम्ही पाहिलेले काळपट पट्टे तिचेच. विजापूर जिल्ह्यात ही मर १९९० च्या सुमारास दिसली आणि मग महाराष्ट्रातही फोफावली. सोलापूरला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले, तेथेही हा प्रश्न अभ्यासाचा झाला. भुंगेऱ्याचे काम यात दुहेरी. मरेने खचलेल्या झाडात तो घर करतो आणि मरण लवकर ओढवून आणतो. शिवाय कोरताना जो भुस्सा बाहेर लोटतो, त्याबरोबर रोगट लाकडातले बीजाणू वाऱ्या-पाण्यावर स्वार होऊन पसरतात. युरोपात एल्म वृक्षांचा असाच संहार झाला होता. तेथेही झाड मारणारी एक बुरशी आणि तिला पाठीवर नेणारे भुंगेरे. ती बुरशी १९२२ मध्ये हॉलंडच्या बेआ श्वार्झ या तरुण संशोधिकेने ओळखली.

"औषध?" दादांनी विचारले. दुकानातून आणलेल्या तीन बाटल्या त्यांनी आधीच फवारल्या होत्या. दुकानदाराने पैसे मोजून घेतले होते आणि किडा कोणता, हे मात्र विचारले नव्हते.

"आत शिरलेल्याला फवारा पोहोचत नाही," सर म्हणाले. "जी झाडं चांगली आहेत, त्यांच्या खोडांना गेरूत औषध कालवून लेप द्या, म्हणजे नवीन भुंगेरा आत शिरणार नाही. पाणी कमी करा, चर काढून निचरा करा. आणि जी लागली आहेत ती..." ते थांबले.

"ती काय?"

"मुळासकट काढून जाळायची. आजच्या आज म्हणत नाही. आधी तज्ज्ञांकडून खात्री करून घ्या. पण फळं उतरेपर्यंत थांबू नका."

बांधावरची मोळी

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात भ्रमराचा दृष्टांत आहे. कठीण लाकूड सहज कोरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो. जीव जाईल, पण तो कळी चिरणार नाही. स्नेह असा कोवळेपणाने कठीण असतो. दरवर्षी वर्गात सांगताना मला वाटे, की अर्जुनाची ही अवस्था मला पुरती समजली आहे. त्या दिवशी फळांनी लगडलेल्या झाडाच्या बुंध्याशी दादा उभे होते. त्यांच्याकडे पाहून मला कळले, की मी तो अध्याय नुसता शिकवीत होतो.

पण खरा पेच अजून पुढेच होता. परत निघताना सर बांधाशी थबकले. तेथे डाळिंबाच्या वाळक्या खोडांची एक मोठी मोळी रचलेली होती. जूनमध्ये वीस-बावीस झाडे गेली, ती दादांनी तोडून वहिनींच्या चुलीसाठी तेथे ठेवली होती. आमच्या घरात काडीही वाया घालवण्याची रीत नाही. सरांनी एक खोड उचलले. त्यावर भोकेच भोके होती आणि भोकांतून ताजा भुस्सा सांडत होता.

"लाकूड ओलं असेतो ते आत जगतात," सर म्हणाले. "इथून रोज उडताहेत."

बांधापलीकडे, वीस पावलांवर, आप्पांची बाग होती. आप्पा आमचे शेजारी. दादांचे आणि त्यांचे याच बांधावरून नऊ वर्षे बोलणे नव्हते. आप्पांच्या कडेच्या ओळीतल्या दोन झाडांचे शेंडे पिवळे पडलेले आम्हा सर्वांनाच दिसले. कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर माझ्या मनात असे येऊन गेले, की रात्री गुपचूप मोळी हलवली तर कोणाला काय कळणार? तिळाएवढ्या किड्याच्या पाठीवर का मालकाचे नाव लिहिलेले असते?

आम्ही नाशिकला परतलो. पंधरा दिवसांनी खात्री झाल्याचे दादांनी कळवले. पुढचे मी वहिनींच्या तोंडून ऐकले. त्या संध्याकाळी दादा टोपी घालून घराबाहेर पडले आणि सरळ आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसले. खिशातून चिरलेल्या खोडाचा तुकडा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हाई काय शे?" आप्पांनी विचारले. नऊ वर्षांनी उच्चारलेले हे पहिले शब्द.

"माझ्या मोळीतून तुझ्या बागेत आलंय," दादा म्हणाले. "माझी चूक झाली. उद्या मी जाळणार आहे. तुझी दोन झाडं आहेत, तीही बघून घे."

आप्पा बराच वेळ तो तुकडा फिरवून पाहत राहिले. मग एवढेच म्हणाले, "माझा ट्रॅक्टर घेऊन जा. मुळं हातानं निघायची नाहीत."

दिवाळीला चार दिवस होते. मी रजा टाकून गेलो होतो. एकशे बारा झाडे निघाली. आप्पांची दोन धरून एकशे चौदा. फळांसकट. सखल भागातच सगळा ढीग रचला. वहिनींनी आधी झाडांना हळदकुंकू वाहिले, मग दादांनी काडी ओढली. पोरे नाचू लागली, "दिवाळीच्या आधी होळी!" त्यांना कोणी गप्प केले नाही. हिरव्या फळांचे सालपट तडतडत फुटत होते आणि दादा आगीकडे पाठ करून चांगल्या झाडांना गेरू लावीत होते. मी त्यांच्या हातातला ब्रश घेतला. आयुष्यात प्रथमच मी त्या शेतात सबंध दिवस काम केले. दुसऱ्या दिवशी माझी बोटे खडू धरण्याच्या लायकीची राहिली नव्हती.

पुतणीची फी भरली गेली. ती कशी, हा आमच्या घरचा हिशेब. पुढच्या वर्षी आणखी नऊ झाडे गेली, त्यानंतरच्या वर्षी तीन. काळी माती उपसून तेथे चर काढला आहे. त्या जागी दादांनी पुन्हा डाळिंब लावले नाही, कांदा घेतात. बाकीची बाग उभी आहे. बांधही तेथेच आहे. आता त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसे येऊन बसतात आणि एकमेकांच्या खोडांकडे संशयाने नव्हे, काळजीने पाहतात.

मी आणलेला खोडाचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. युरोपात स्प्रूसच्या सालीखाली राहणाऱ्या एका भुंगेऱ्याचे शास्त्रीय नावच 'टायपोग्राफस' आहे. म्हणजे मुद्रक, छापणारा. त्याच्या नक्षीत तिकडच्या लोकांनाही अक्षरेच दिसली. यंदा वर्गात घुणाक्षरन्यायाचा पाठ आला, तेव्हा मी तो तुकडा मुलांच्या हाती दिला. अर्थ जुनाच सांगितला. परीक्षेत तोच विचारतात. पण पुढे एक वाक्य जोडले. किड्याला अक्षर येत नाही हे खरे. तरी त्याने कोरलेली एकही रेघ योगायोगाची नसते. पाणी कोठे साचले, कोणते झाड गुदमरले आणि मोळी कोणाच्या बांधावर राहिली, हे सारे तो लिहून ठेवतो. वाचता आपल्याला येत नाही, एवढेच.

मागच्या बाकावरच्या मुलाने तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाला, "सर, यात खरंच 'द' दिसतोय."

मी पाहिले. दिसत होता खरा. दादांचा 'द'.